ज्याचं मत तुमच्या वॉर्डात नाही, त्याचीही मोजणी तुमच्याकडेच आहे

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य, नगराध्यक्ष, नगरसेवक आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आम्ही अजून भाऊसाहेबच म्हणतो) यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक आहे. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांत प्रगणक म्हणून घरोघर फिरलो. पुढची व्हायची होती २०२१ ला. ती कोविडमुळे पुढे गेली आणि ती येईपर्यंत माझी नोकरी संपली. आता घरयादीचं काम, म्हणजे घरांची आणि त्यांतल्या सोयींची नोंद, २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात, प्रत्येक राज्य आपापले ३० दिवस ठरवून करणार आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल आणि १ मार्च २०२७ सुरू होताना, रात्री बाराला, देशात किती माणसं होती, तो आकडा लिहिला जाईल. सोळा वर्षांनी ही वेळ आली आहे. माझ्या हातात आता फॉर्म नसेल, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

नगरपालिकांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात झाल्या, महापालिकांच्या २०२६ च्या जानेवारीत. तुमच्यातले कितीतरी जण नुकतेच निवडून आलात. त्या दिवसांत तुम्ही काय केलंत ते आम्ही पाहिलं आहे. मतदार यादी हातात घेऊन एकेका घराची खूण पटवलीत. कोणत्या घरातला मुलगा पुण्याला असतो, तो मतदानाला येणार की नाही, आजींना खुर्चीवरून आणायला लागेल का, हे तुमच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ होतं. गावाकडे सरपंचाच्या निवडणुकीतही हेच होतं. एका मताने पडलेली माणसं आपण पाहिली आहेत, त्यामुळे एकेका माणसाची किंमत तुम्हाला सांगायला नको.

जनगणनेच्या वेळी मला तुमच्याकडून तेवढंच हवं आहे. फरक एकच. मतदार यादीत नसलेली माणसंही इथे मोजायची आहेत. अकरा दिवसांचं बाळ, बांधकामावर राहणारं बिहारी कुटुंब, पालात राहणारे लोक, एसटी स्टँडवर झोपणारा म्हातारा. यांच्यापैकी कोणीही तुम्हाला मत देणार नाही. तरीही ती तुमच्या हद्दीतली माणसं आहेत, आणि मोजणीत सुटतात ती नेमकी हीच.

एक रात्र सांगतो. फेब्रुवारी २०११. कृष्णाकाठच्या एका गावात माझा गट, म्हणजे मला मोजायला नेमून दिलेला भाग, होता. गावठाणातली घरं चार दिवसांत झाली. वस्त्यांवरची शेतघरं आणखी तीन दिवसांत. राहिल्या त्या ओढ्याच्या पलीकडच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या. बीडकडून आलेली ऊसतोडीची टोळी तिथे उतरली होती. मी दुपारी गेलो तर सगळ्या कोप्यांची दारं, म्हणजे पोत्याचे पडदे, खाली सोडलेले. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी भावाला कडेवर घेऊन बसलेली. आई कुठे, तर फडात, ऊस तोडायला. कधी येणार, तर माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो, तेव्हाही तेच. ती माणसं पहाटे चारला निघत होती.

गावात विचारलं तर उत्तर मिळालं, "गुरुजी, ती आपली नव्हंत. त्यांची मोजणी त्यांच्या गावाला व्हईल की." हे उत्तर देणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण त्यांच्या गावाला काय होत असेल हे मला कळत होतं. तिथे माझ्यासारखाच एक मास्तर कुलूप पाहून पुढे जात असेल आणि शेजारी सांगत असतील, "ते कारखान्याला गेलेत, तिकडंच त्यांचं नाव घेतील."

शेवटी मी ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या मामांना गाठलं. नळाचे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. त्या टोळीला रोज संध्याकाळी टाकीजवळच्या नळावर तेच पाणी भरू देत होते, त्यामुळे मुकादमाची आणि त्यांची ओळख होती. मामा म्हणाले, "रात्री नऊला चला. मी बॅटरी घेतो."

आम्ही गेलो तेव्हा चुली पेटलेल्या होत्या. पाचटाचा धूर सगळीकडे. मुकादमाला विचारलं, "किती माणसं?" तो म्हणाला, "अकरा कोयते." त्याच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या फॉर्मवर ती दोन माणसं होती आणि कडेवरचं पोर तिसरं. एका बाईला नवऱ्याचं नाव विचारलं. तिने पदर तोंडाला लावला. "नाव कसं घ्यावं गुरुजी, ते गाडी भराया गेल्यात." पाठीमागून तिच्या मुलीने बापाचं नाव सांगितलं, शाळेत हजेरीला सांगतात तसं, आडनावासकट. दुपारी भावाला घेऊन बसलेली मुलगी तीच. शेवटच्या कोपीत अकरा दिवसांचं बाळ होतं. नाव ठेवलेलं नव्हतं, बारसं गावाकडे गेल्यावर करायचं होतं. मी नावाच्या रकान्यात "बाळ" लिहिलं आणि वयाच्या रकान्यात शून्य. त्या रात्री अकरा कोयत्यांची ४३ माणसं झाली.

मामा नसते तर ती ४३ माणसं माझ्या गटात आली नसती, हे मी आज कबूल करतो. मी दोनदा जाऊन आलो होतो, पुढची घरं शिल्लक होती, आणि गावाने मला सोयीचं उत्तर देऊन ठेवलं होतं. माझ्या नोंदीत मी "भेट दिली, आढळले नाहीत" असं लिहून मोकळा झालो असतो. असं किती गटांत झालं असेल?

म्हणून नियम नीट सांगतो, कारण गावोगावी याच जागी घोळ होतो. आम्हाला २०११ ला शिकवलं होतं ते असं: मोजणीच्या सगळ्या काळात जो माणूस घरापासून दूर आहे, त्याची नोंद तो जिथे आहे तिथेच करायची, घरी करायची नाही. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि टोळ्या मार्च-एप्रिलला परततात. फेब्रुवारी हा ऐन गाळपाचा महिना. म्हणजे बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना इथल्या तालुक्यांतली माणसं सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे इथल्या गावांत मोजली जाणार. वीटभट्ट्यांवर गेलेले कातकरी, मेंढरं घेऊन वाड्यासह फिरणारे धनगर, यांचंही तसंच.

ज्या गावांतून माणसं जातात तिथल्या सरपंचांना यात वाईट वाटणार, आणि ते खोटं नाही. आपल्या गावाचा आकडा कमी भरणार. पण त्यावर उपाय म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना "सगळ्यांची नावं सांगा" असं शिकवू नका. त्याने माणूस दोन ठिकाणी मोजला जातो, नाहीतर गोंधळात एकाही ठिकाणी नाही. त्यापेक्षा टोळी निघण्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, मुकादमांना ग्रामपंचायतीत बोलवा आणि सांगा: फेब्रुवारीत तिकडे मोजणीला मास्तर येतील, प्रत्येक माणसाचं नाव द्यायचं, कोयत्याचं नाही. आणि पूर्वीचं राहण्याचं ठिकाण विचारलं तर आपल्या गावाचं, तालुक्याचं नाव स्पष्ट सांगायचं. स्थलांतराचे तक्ते त्याच उत्तरावरून बनतात. ऊसतोड मजूर नेमके किती, यावर आजही अंदाजच फिरतात. वसतिगृहं किती हवीत, शाळेतली किती मुलं दर हिवाळ्यात गायब होतात, हे मागायला जिल्ह्याकडे पक्का आकडा नाही. तो त्या एका रकान्यातून येऊ शकतो.

आणि ज्या गावांत टोळ्या उतरतात तिथल्या सरपंचांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या शिवारात कोप्या कुठे कुठे आहेत याची एक यादी जानेवारीतच करा. साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयाकडे टोळ्यांची नावं असतात, ती मागा. आणि प्रगणकासोबत रात्रीचा एक माणूस द्या, बॅटरीवाला.

आता कोणी म्हणेल, एवढं कशासाठी? मोजणी होईल तशी होईल. तर तहसील कचेरीतली एक रांग डोळ्यांपुढे आणा. नवी सून घरात आली, दोन नातवंडं झाली, रेशन कार्डावर नावं चढली, पण धान्य मिळत नाही. विचारलं की उत्तर येतं, "इष्टांक शिल्लक नाही." हा इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्या माणसांचा ठरलेला कोटा, आला कुठून? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवायचं ठरलं, ते देशाच्या सरासरीवर. प्रत्येक राज्याचा कोटा २०११ च्या जनगणनेवरून बांधला. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसं आली. त्यानंतर जी मुलं जन्मली त्यातली मोठी आता नववी-दहावीत गेली, पण कोटा त्याच आकड्यावर उभा आहे.

ग्रामपंचायतीचंही तेच. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचा निधी राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिलं, आणि लोकसंख्या धरली २०११ ची. परवाच्या निवडणुकांतल्या प्रभागरचनाही त्याच आकड्यांवर झाल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्याच आकड्यांवर. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० ला एक. उपकेंद्र ५,००० आणि ३,००० ला. गावाच्या एका कोपऱ्यातली सुटलेली दोन-तीनशे माणसं कधी कधी याच रेषेवर असतात. २०११ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ निघाली होती. शेवटच्या त्या तीन आकड्यांकडे मी नेहमी बघतो. माझ्या रात्रीची ४३ त्यात कुठेतरी आहेत.

आकड्याने केवळ निधी येतो असंही नाही. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ साली ८९४ मुली होत्या. २०११ साली ८०७. दहा वर्षांत एवढी घसरण कोणाच्या डोळ्यांना दिसत नव्हती, कारण प्रत्येक घरात एखाद-दुसरंच मूल असतं. सगळी घरं एकत्र मांडली तेव्हा ती दिसली, आणि मग सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्यांना जोर आला. ते आकडे गोळा करणारी माणसं माझ्यासारखीच होती. दारात उभं राहून "सहा वर्षांखालची मुलं किती?" एवढंच विचारणारी.

मात्र दारात गेल्यावर लोक सगळं सांगतातच असं नाही, आणि इथेच तुमचं काम सुरू होतं. २०१० च्या घरयादीच्या वेळी मी एका घरात गेलो. मला पाहून आतल्या बाईंनी टीव्हीवर घाईघाईने गोधडी टाकली. गोधडीखालून वायर दिसत होती. मी काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत. "टीव्ही आहे का?" "न्हाई." त्यांचं पिवळं कार्ड होतं. टीव्ही सांगितला तर कार्ड जाईल ही त्यांची भीती. आता या भीतीत लाडक्या बहिणीच्या पैशांची भर पडली असेल. या वेळच्या घरयादीत ३३ प्रश्न आहेत. घरात इंटरनेट आहे का, गॅस आहे का, वाहन कोणतं, मुख्य धान्य कोणतं खाता, असे. लोकांना हे चौकशीसारखं वाटणार.

१९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ तुम्ही स्वतः वाचावं आणि सोप्या भाषेत गावाला सांगावं. एकेका माणसाने दिलेली माहिती कोणाला पाहायला मिळत नाही, आणि ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तलाठी, पोलीस, प्राप्तिकरवाले, रेशनवाले, कोणालाही नाही. सरपंचालाही नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात तर त्याचा परिणाम माझ्या दहा खुलाशांहून जास्त होईल. "मी सरपंच आहे, पण तुम्ही मास्तरांना काय सांगितलं ते मलाही कळणार नाही." आणि मग तसंच वागा. प्रगणकासोबत माणूस द्या म्हणतो, पण तो वाट दाखवून, ओळख करून देऊन बाहेर थांबला पाहिजे. प्रश्न विचारले जात असताना उंबऱ्यात उभा राहिलेला सदस्य म्हणजे गोधडीचं आणखी एक कारण.

कायद्यात उत्तर देणं बंधनकारक आहे आणि नकार दिल्यास दंडही आहे. पण कृपा करून आवाहनाची सुरुवात दंडाने करू नका. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये एक ओळ आहे, ती मला फार आवडते: रूढीमुळे जे नाव घेता येत नाही, ते नवऱ्याचं असो की आणखी कोणाचं, ते सांगण्याची सक्ती बाईवर नाही. कोपीतल्या त्या बाईला ही ओळ माहीत नव्हती. पण ती लिहिणाऱ्यांना ती बाई माहीत होती. तुमची दवंडी अशीच, समोरच्याला ओळखून दिलेली असावी. कोणी कागदपत्रं मागणार नाही, बँकेचा खाते क्रमांक विचारणार नाही, मास्तरांच्या गळ्यात ओळखपत्र असेल. फसवणुकीच्या फोननी लोक इतके पोळलेत की हे तीन वेळा सांगावं लागेल.

ते सांगायचं कोणी? फ्लेक्सने तारीख कळते, भीती जात नाही. आशाताईंकडे गरोदर बायांची यादी असते, अंगणवाडीताईंना कोणत्या घरात किती पोरं ते माहीत असतं, पाणी सोडणाऱ्याला कोणत्या खोलीत नवं भाडेकरू कुटुंब आलं ते कळतं. आधी या लोकांना एकत्र बसवून समजावून सांगा. शहरात घंटागाडी रोज प्रत्येक गल्लीत जाते, तिच्या भोंग्यावर दोन मिनिटांचा निरोप लावा, तुमच्या भागातल्या बोलीत. २६ जानेवारी २०२७ ची ग्रामसभा मोजणीच्या तोंडावर येते, तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला घ्या. आणि फेब्रुवारीत सप्ताह असेल तर कीर्तनकार महाराजांना आधी भेटा. त्यांचा शब्द कुठवर पोचतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

बायकांबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, आणि यात चूक माझी आहे. २००१ साली एका गोठ्यापुढे उभा राहून मी घरमालकाला विचारलं, "घरच्या काय करतात?" तो म्हणाला, "काही नाही, घरीच असते." ती त्याच वेळी माझ्यासमोर म्हैस पिळत होती. मी लिहिलं: काम करत नाही. आम्हाला प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलेलं होतं की दूध काढणं, अगदी घरच्यापुरतं असलं तरी, काम धरायचं. शेतातली खुरपणी, पेरणी तर सोडाच. पण घाई होती आणि उत्तर मालकाने दिलं होतं. अशा किती जणींना मी त्या वर्षी बिनकामाच्या करून टाकलं ते आठवलं की झोप लागत नाही. बचत गटाच्या बैठकीत तुम्ही एवढंच सांगा: विचारल्यावर स्वतः बोला, आणि वर्षभरात केलेलं काम सांगा. अपंग मुलाला आतल्या खोलीत ठेवून "दोनच मुलं" सांगणाऱ्या घरांतही असंच कोणीतरी जवळचं माणूस आधी जाऊन आलं पाहिजे. २०११ ला अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले होते. आमच्यासारख्या परक्या माणसाला ती खोली कोणी दाखवत नाही.

मातृभाषेचंही तसंच. मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारात प्रगणक मराठी बोलत येतो आणि माणूसही त्याच्याशी मराठीत बोलतो, की रकान्यात मराठी पडते. कोरकू, माडिया, गोंडी, कोलामी, भिल्ली बोलणाऱ्यांनी आपल्या भाषेचं नाव सांगायला हवं. देशभरात १०,००० हून कमी माणसांनी ज्या भाषेचं नाव सांगितलं, ती जनगणनेच्या प्रसिद्ध होणाऱ्या यादीत वेगळी दिसत नाही. २०११ च्या यादीत १२१ भाषा आल्या. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांनी हे आपल्या भाषेत सांगावं, मराठीतल्या परिपत्रकातून नको.

या वेळी जात विचारली जाणार आहे. सगळ्या जातींची मोजणी याआधी शेवटची झाली १९३१ साली, म्हणजे आज जिवंत असलेल्या जवळजवळ कोणालाच तिचा अनुभव नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय पाहणीत लोकांनी आडनावं, पोटजाती, कुळं, जे सुचेल ते सांगितलं आणि जातींची म्हणून ४६ लाखांहून जास्त नावं जमा झाली. ती वापरता आली नाहीत. तुमच्याकडे या विषयावर बैठका होतील, कोणी पत्रकं वाटेल, कोणी म्हणेल अमुकच लिहा. मी कोणत्याही बाजूने बोलत नाही. तुमच्या पदावरून तुम्हीही बोलू नका एवढं मात्र मागतो. प्रत्येकाने आपली जात आपल्या तोंडाने, नीट उच्चारून सांगावी, आणि ती विचारताना वा ऐकताना गावात कोणाची मान खाली जाऊ नये. ही दुसरी गोष्ट पाहायला गावात सरपंचाइतका जवळचा माणूस नाही.

नगरसेवकांनो, तुमच्याकडची कुलपं वेगळी असतात. सोसायटीच्या दाराशी सुरक्षारक्षक अडवतो, फ्लॅटमधलं जोडपं सकाळी आठला जातं आणि रात्री नऊला येतं. त्यांच्यासाठी या वेळी स्वगणनेची सोय आहे. घरयादी सुरू होण्याआधीच्या पंधरा दिवसांत स्वतः ऑनलाइन माहिती भरायची, मिळालेला क्रमांक जपून ठेवायचा आणि प्रगणक आल्यावर दाखवायचा. सोसायट्यांच्या अध्यक्षांना बोलावून हे सांगितलं तर शेकडो घरांची फेरी वाचेल. पण तिथेच थांबू नका. त्याच सोसायटीच्या जिन्याखाली रक्षकाचं कुटुंब राहतं, ते त्या ऑनलाइन यादीत येत नाही. चाळीतल्या मालकाला वाटतं भाडेकरू दाखवले तर घरपट्टी वाढेल, म्हणून चार खोल्यांतली चार कुटुंबं एक होतात. त्याला कलम १५ सांगा.

बेघरांची मोजणी शेवटच्या रात्री होते. २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. एका रात्रीत सगळं शहर पिंजून काढायचं असतं, आणि कुठल्या पुलाखाली किती जण झोपतात हे सांगणारा माणूस सोबत नसेल तर ते होत नाही. तो माणूस तुमचा सफाई कामगार आहे. पहाटे झाडू घेऊन निघतो तेव्हा तो त्यांच्या अंगावरूनच वळसा घालून जातो. त्या रात्रीच्या आधी त्याच्याकडून ठिकाणं लिहून घ्या, आणि त्या रात्रीचा भत्ता त्याला द्या.

प्रगणकांसाठीही थोडं मागतो. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा असतात, शाळा चालू असतात, आणि एकेकाच्या गटात सातशे-आठशे माणसं असतात. शिक्षिका एकट्या वस्तीवर जातात. बसायला ग्रामपंचायतीची एक खोली, फोन चार्ज करायला बटण, पाणी, आणि संध्याकाळनंतर सोबत, एवढं तरी असावं. या वेळी नोंदी मोबाइलवर आहेत. डोंगरात रेंज कुठे येते हे मास्तरांना नाही, तुमच्या पोरांना माहीत असतं. कायद्याच्या कलम ४-अ नुसार स्थानिक संस्थांना जनगणनेसाठी कर्मचारी द्यावे लागतात. ते तुम्ही द्यालच. मी मागतो आहे ते त्या कलमात लिहिलेलं नाही.

ते अकरा दिवसांचं बाळ मार्च २०२७ मध्ये सोळा वर्षांचं असेल. मुलगा होता. शाळा सुटली असेल तर त्याच्याही हातात कोयता आला असेल, आणि येत्या फेब्रुवारीत तो कोणत्या तरी फडात, कोणत्या तरी गावच्या ओढ्यापलीकडे असेल. ते गाव तुमच्यापैकी एकाचं आहे. तुमच्याकडे बॅटरी घेऊन जाणारा माणूस कमी पडत असेल तर मला निरोप द्या. पाय अजून चालतात, मी येतो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक